सासूबाईंच्या डब्यातली पूड

वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात: मी मूळची सांगलीची. लग्न होऊन १३ वर्षं सिंगापुरात आहे. नवरा तिथलाच, चिनी कुटुंबातला. सासूबाई ७१ वर्षांच्या, मुलं त्यांना 'आह मा' म्हणतात. पाच आठवड्यांनी त्यांचा उजवा गुडघा बदलायचाय. त्या रोज सकाळी कोमट पाण्यातून तिएनची नावाच्या चिनी मुळाची पूड घेतात. रविवारी दांगग्वेईचं मूळ घातलेलं कोंबडीचं सूप असतं, गुडघ्याला दिवसातून दोनदा लाल तेल. ऑपरेशननंतर घ्यायला म्हणून मैत्रिणीने युन्नान बाययाओ या चिनी औषधाच्या कॅप्सूल आणून दिल्यात. रुग्णालयात नर्सने औषधं विचारली तेव्हा त्यांनी फक्त बीपीची गोळी सांगितली. मी शेजारीच बसले होते, एवढं मँडरिन मला आता कळतं, पण मी गप्प राहिले. नवरा म्हणतो, आई ४० वर्षं घेतेय, काही झालं नाही. इंटरनेटवर एका ठिकाणी वाचलं की तिएनची रक्त थांबवतं, दुसरीकडे वाचलं की रक्त पातळ करतं. खरं काय? डॉक्टरांना त्यांच्या नकळत सांगू, की डबाच लपवून ठेवू? मी परकी सून. 'हिचा आमच्या औषधांवर विश्वास नाही' असं व्हायला नको.

डबा लपवू नका, हे सगळ्यात आधी सांगते. लपवलात तर त्या दुसरा आणतील, आणि तो तुमच्या नजरेआड त्यांच्या खोलीत राहील. आज डबा ओट्यावर आहे, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ती तुमची जमेची बाजू आहे, ती घालवू नका.

मी ३० वर्षं भूल देण्याचं काम केलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी रुग्णाच्या खाटेशी जाऊन मी ठरलेला प्रश्न विचारायची, "कुठली औषधं चालू आहेत?" एकदा साताऱ्याकडच्या एक आजी होत्या, खुब्याचं ऑपरेशन होतं. म्हणाल्या, "काही नाही गं बाई." पुढे बांगड्या उतरवून ठेवायला म्हणून त्यांनी उशाची कापडी पिशवी उघडली, तर आत मधात बुडवलेल्या लसणाच्या पाकळ्यांची बरणी आणि कसल्याशा चूर्णाच्या वर्तमानपत्रात बांधलेल्या पुड्या. रोज सकाळी सात-आठ पाकळ्या, कच्च्या. मी विचारलं, "आजी, मग हे काय?" तर म्हणाल्या, "ते औषध नाही, ते घरचं आहे."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. प्रश्न माझा चुकला होता. त्या दिवसापासून मी विचारायला लागले, "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत पोटात काय काय जातं आणि अंगाला काय काय लावता?" या प्रश्नाला जी उत्तरं मिळाली, त्यांनी मला कितीतरी वेळा वाचवलं.

तुमच्या सासूबाईही खोटं बोलल्या नाहीत, एवढं मनाशी पक्कं करा. तुम्ही 'लपवलं' या शब्दापासून सुरुवात केलीत तर बोलणं पहिल्याच वाक्याला अडेल. त्यांच्या लेखी गोळी म्हणजे औषध. तिएनची म्हणजे आपली हळद. तुम्हाला कुणी औषधं विचारली असती तर रात्रीचं हळदीचं दूध तुम्ही सांगितलं असतं का?

आणि 'मी परकी' याबद्दलही थोडं बोलायला हवं. तुमच्या नवऱ्याला तो डबा दिसतच नाही. जन्मापासून तो ओट्यावर आहे. तुम्ही बाहेरून आलात म्हणून तुम्हाला तो दिसला. या घरात तुमच्या परकेपणाचा एवढा उपयोग आजवर कधी झाला नसेल.

आता तुमचा खरा प्रश्न. तिएनची रक्त थांबवतं की पातळ करतं? तुम्ही वाचलेलं दोन्ही खरं आहे, आणि अडचण तिथेच आहे.

तिएनची, म्हणजेच सानची, ही जिनसेंगच्या कुळातली वनस्पती. चीनच्या युन्नान प्रांतात वेनशानच्या डोंगराळ भागात सावलीखाली तिची शेती होते आणि मूळ किमान तीन वर्षांनी खणतात. सोळाव्या शतकात ली शिचेनने वनौषधींचा जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात दक्षिणेकडच्या सैनिकांचं जखमेवरचं औषध म्हणून तिचा उल्लेख आहे. 'सोन्याच्या बदल्यातही देऊ नये अशी' असं तिचं जुनं नाव आहे. त्या परंपरेत तिची कीर्ती अशी की ती रक्त थांबवते, पण साकळू देत नाही. 'साकळणं' हा शब्द आपल्याकडेही याच अर्थाने आहे. मुका मार लागला की आजी आंबेहळद आणि तुरटीचा लेप लावायची, ते साकळलेलं रक्त पसरावं म्हणून. चिनी वैद्यकात या साकळण्याला फार मोठं स्थान आहे. 'वाहतं तिथे दुखत नाही, अडतं तिथे दुखतं' ही म्हण तुम्ही सासूबाईंच्या तोंडून ऐकलीही असेल.

आधुनिक रसायनशास्त्राने या मुळात दोन गोष्टी शोधल्या. डेन्सिचीन नावाचं एक द्रव्य रक्तस्राव थांबवायला मदत करतं. आणि सॅपोनिन गटातली बरीचशी द्रव्यं बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, एकमेकींना चिकटू देत नाहीत. ही सॅपोनिनं चीनमध्ये पक्षाघाताच्या रुग्णांना सलाईनमधूनही देतात. डेन्सिचीन उष्णतेने कमी होतं, म्हणून कच्ची पूड आणि वाफवलेलं मूळ यांचा गुण वेगळा. जुने चिनी वैद्यही कच्चं आणि शिजवलेलं यात फरक करतच आले आहेत, त्यांचं निरीक्षण बारीक होतं. पण तुमच्या ओट्यावरच्या डब्यात कशाचं प्रमाण किती, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. या खेपेची पूड आणि पुढच्या खेपेची पूड सारखी असेलच असंही नाही.

तुम्ही विचाराल, दोन्ही गुण आहेत तर उत्तमच की! रक्तही थांबेल, गाठही होणार नाही.

मोह होण्यासारखंच आहे. पण गुडघ्याच्या ऑपरेशनला घड्याळ असतं. टेबलावर मांडीचं आणि नडगीचं हाड कापलं जातं. त्या वेळी आणि नंतरचे काही तास रक्त थांबायला हवं. सांध्यात रक्त साठून राहिलं तर गुडघा वाकायला त्रास होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. यासाठी हल्ली बहुतेक ठिकाणी ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड देतात. जपानच्या उताको ओकामोतो या संशोधक बाईंनी आपल्या पतीबरोबर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जगापुढे आणलं. त्याने झालेली गुठळी लवकर विरघळत नाही. त्यानंतर काही तासांतच काळजीची दिशा उलटी होते. पाय हलत नाही, शरीर जखम भरण्यासाठी रक्त गोठवायच्या मागे लागलेलं असतं आणि पोटरीच्या खोल शिरांमध्ये गाठी धरायला लागतात. पूर्वी गाठी टाळायचे उपाय करत नसत, त्या काळात शिरांची खास तपासणी केली तर गुडघा किंवा खुबा बदललेल्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये लहानमोठ्या गाठी सापडायच्या. बहुतेकांना काही जाणवतही नसे. पण एखादी सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. म्हणून मग रक्त पातळ करणारं इंजेक्शन किंवा गोळी सुरू होते, ती काही दिवस ते काही आठवडे चालते.

आधी थांबवायचं, मग पातळ ठेवायचं. दोन्ही मोजून, तास बघून. यात ओट्यावरच्या डब्यातला तिसरा हात कधी इकडे ओढेल, कधी तिकडे. डॉक्टरला तो हात दिसत नसेल तर तो आपल्या औषधाचा हिशेब कसा करणार?

नवऱ्याच्या ४० वर्षांच्या युक्तिवादाला उत्तरही यातच आहे. या ४० वर्षांत आईंचं हाड कुणी कापलं नव्हतं. कण्यात सुई घालून भूल दिली नव्हती. तिएनचीच्या जोडीला रक्त पातळ करणारी गोळी कधी नव्हती. त्यांचा ४० वर्षांचा अनुभव खरा आहे, तो रोजच्या दिवसांचा आहे. ऑपरेशनचा दिवस रोजचा नसतो.

बाकीच्या वस्तूंकडेही बघू. दांगग्वेई आणि दानशेन या दोन मुळांमुळे वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांचं रक्त धोकादायक इतकं पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. दानशेनच्या नोंदी १९९० च्या दशकात हाँगकाँगच्या डॉक्टरांनीच केल्या. सुपात पडणाऱ्या लाल गोजी बेरीबद्दलही अशा नोंदी आहेत. लाल तेलाच्या बाटलीवर 'लाल फूल' असं नाव असतं. ते फूल म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्यातली करडई. तिची वाळवलेली पाकळी चिनी वैद्य रक्त वाहतं ठेवायला देतात. बाटलीत मात्र करडई असो-नसो, मिथाइल सॅलिसिलेट बहुधा असतंच, आणि ते ॲस्पिरिनचं सख्खं भावंड. वॉरफरिन चालू असताना असलं तेल भरपूर चोळल्यामुळे रक्त जास्त पातळ झाल्याचीही उदाहरणं आहेत. ऑपरेशनच्या गुडघ्यावर तर टाके सुकेपर्यंत कुठलंही तेल नकोच.

युन्नान बाययाओवर थोडं थांबते, कारण ते पाकीट घरात येऊन पडलंय. चू ह्वानचांग नावाच्या युन्नानच्या वैद्याने १९०२ मध्ये ते तयार केलं. लढायांमध्ये सैनिकांच्या खिशात असायचं, म्हणून त्याभोवती मोठं वलय आहे. घटक चीन सरकारने गुप्त ठेवलेत. त्यात तिएनची आहे हे सर्वांना माहीत आहे. पण २०१३ मध्ये हाँगकाँगच्या आरोग्य विभागाला त्यात वेष्टनावर न लिहिलेली, बचनाग या विषारी वनस्पतीच्या वर्गातली द्रव्यं सापडली आणि माल बाजारातून परत घ्यायला लावला. बचनाग आपल्याला परका नाही. आयुर्वेदातही तो शुद्ध करूनच वापरतात, कारण तो थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातो. त्या पाकिटात कॅप्सूलबरोबर एखादी चिमुकली लाल गोळी दिसेल. गंभीर दुखापतीत आधी घ्यायची म्हणून ती देतात. बीपीची गोळी घेणाऱ्या, नुकतीच भूल उतरलेल्या ७१ वर्षांच्या बाईला ती गोळी कुणी प्रेमापोटीही देऊ नये. हे वाचून घाबरून आधी घेतलेल्याची उजळणी करत बसू नका. मात्र कधी घेतल्यावर ओठ-जीभ बधिर झाली, छातीत धडधडलं, तर वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा.

मग हे सगळं निरुपयोगी आहे का? असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही घरात म्हणू नका. याच बाययाओची जबड्याच्या ऑपरेशनआधी देऊन चीनमध्ये नीट चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. रक्तस्राव कमी झालेला दिसला. पण जबडा वेगळा, रुग्ण वेगळे, आणि त्यांना पुढे आठवडे-आठवडे रक्त पातळ करणारी गोळी द्यायची नव्हती. चीनमधल्या अनेक रुग्णालयांत अस्थिरोग विभाग पारंपरिक वैद्यकाचाच असतो. सांधा बदलल्यावर पाकळ्या-मुळांचा काढा तिथे वॉर्डातच मिळतो. त्यावरच्या चाचण्या बऱ्याचशा लहान आहेत, त्यांच्यावर भिस्त ठेवावी इतक्या भक्कम नाहीत. पण तिथे एक गोष्ट बरोबर होते. काढा आणि इंजेक्शन एकाच कागदावर लिहिलेलं असतं. तुमच्या घरी काढा आहे, इंजेक्शनही असणार आहे, फक्त कागद एक नाही. तो एक करायचं काम तुम्ही अंगावर घ्या.

सुरुवात डॉक्टरांपासून करू नका, सिनसेपासून, म्हणजे चिनी वैद्यापासून, करा. सासूबाई ज्यांच्याकडून पूड घेतात त्या वैद्यांकडे त्यांच्याबरोबर जा. सिंगापुरात २००० पासून चिनी वैद्यांच्या नोंदणीचा कायदा आहे, तेव्हा नोंदणीकृत सिनसे बघा, नुसता दुकानदार नको. आणि तिथे नवऱ्याने बोलावं. आई त्याची आहे. प्रश्न एवढाच, "आईचा गुडघा बदलायचाय. नंतर रक्त पातळ करणारं औषध देतील. काय, कधी बंद करू?" जाणता सिनसे ऑपरेशनआधी रक्त वाहतं करणारी मुळं स्वतःच थांबवायला सांगतो. ते शब्द त्यांच्या विश्वासाच्या माणसाच्या तोंडून आले की 'सुनेचा विश्वास नाही' ही भीती उरतच नाही. सिनसेकडून सगळ्याची यादी चिनी लिपीत लिहून घ्या. उच्चारावर जाऊ नका. एकच मूळ कँटोनीज बोलीत एक नाव घेतं, होक्किएन बोलीत दुसरं. लिपी तीच राहते.

मग एका संध्याकाळी टेबलावर सगळं मांडा. पूड, सुपाचं सामान, तेल, कॅप्सूल, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, असतील तर माशाच्या तेलाच्या गोळ्याही. नातवंडांना फोटो काढायला बसवा, वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे. आह मा सांगतील, मुलं लिहितील. हा प्रकार चौकशीसारखा वाटू द्यायचा नाही, कारण मुळात तो चौकशी नाहीच. तुम्हालाही या सगळ्यातलं काही शिकायचंच असेल की, मग विचारा त्यांना, कोणतं मूळ कशासाठी. १३ वर्षांत विचारलं नसेल तर आज विचारा.

ऑपरेशनपूर्व तपासणीला फोटो आणि डबे दोन्ही न्या, आणि बोलू दे सासूबाईंनाच. सर्जनला सांगाच, पण भूलतज्ज्ञाला वेगळं सांगा. कण्यातली भूल द्यायची की पूर्ण, हा निर्णय त्यांचा असतो. वनौषधी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. तुमच्या हातात पाच आहेत, म्हणजे घाई नाही. नेमकी तारीख डॉक्टर देतील. बीपीची गोळी मात्र कुणी आपल्या मनाने थांबवायची नाही. यादी करताना 'सगळंच बंद' असा गोंधळ घरोघरी होतो, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

आणि त्या नाहीच बोलल्या तर? तर तपासणीच्या खोलीत, त्यांच्या समोर, तुम्ही बोला. "आईंना सांगायचं राहिलं, त्या सकाळी तिएनची घेतात." पाठीमागे फोन करून, चिठ्ठी देऊन नाही. पाठीमागे सांगितलेलं कधीतरी कळतंच, आणि मग पुढच्या आजारपणात तो डबा खरोखर लपवला जातो. समोर बोललात तर कदाचित चार दिवस अबोला धरतील. चार दिवस सोसा.

ऑपरेशननंतर त्यांना घोटा वर-खाली हलवायला लावा, जाग असेल त्या दर तासाला. पहिल्याच दिवशी उभं करतील, तेव्हा 'दमल्यात, राहू दे' म्हणू नका. पोटरी सुजली, दुखून घट्ट झाली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर ती गाठ असू शकते. पट्टी भिजत राहिली, शौच काळं झालं, हिरड्यांतून रक्त आलं, तर रक्त जास्त पातळ झालेलं असू शकतं. दोन्हीत वेळ घालवायचा नाही. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे तोवर डबा बंद. ते संपल्यावर पुन्हा कधी, हे सर्जनला विचारून.

पुण्या-नागपुरातून वाचणाऱ्यांनी डब्यावरचं नाव तेवढं बदलून हेच वाचावं. आपल्याकडे दुखऱ्या गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं योगराज गुग्गुळ घेणारे कितीतरी आहेत. गुग्गुळाचा कलही बिंबिकांना चिकटू न देण्याकडे असल्याचं प्रयोगांत दिसलंय. लसूण, आल्याचा अर्क, हळदीच्या कॅप्सूल, सगळं कागदावर यायला हवं. फोडणीतल्या लसणाची कुणाला भीती नाही. मूठभर कच्च्या पाकळ्यांची आहे.

आता राहिलं रविवारचं सूप. ते बंद केलंत तर सासूबाईंचा जीव तिळतिळ तुटेल, कारण त्या सुपात त्यांनी तुमच्या बाळंतपणापासून सगळ्यांची आजारपणं काढली असणार. म्हणून सूप बंद करू नका, मुळं काढा. दांगग्वेईशिवाय, गोजीशिवाय, तिथे 'लाल खजूर' म्हणतात ती वाळवलेली बोरं आणि आल्याचा एखादा काप घालून कोंबडी उकळता येते. त्याहून चांगलं म्हणजे सिंगापुरात टाके भरायला म्हणून देतात ते माशाचं सूप. मलय लोक त्या माशाला हारुआन म्हणतात. तो आपला मरळ. सांगलीत कृष्णाकाठचा मरळ तुमच्या माहेरच्या माणसांनी खाल्ला असेलच. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि मरळात ती भरपूर आहेत. सासूबाईंना विचारा, त्यांच्या आई हे सूप कसं करायच्या, आणि ओट्याशी उभ्या राहून त्यांच्याकडूनच शिकून घ्या, ऑपरेशनच्या आधी, अजून त्या स्वतः उभ्या राहू शकतायत तोवर. मासा बाजारात सकाळी लवकर गेलं तर जिवंत मिळतो. खवले काढून, तुकडे करून द्यायला सांगा.